मींडेला सोवळे-ओवळे कसले?

भोपाळच्या जवाहर चौकाचा परिसर मराठी माणसाला परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ येथे आली, आणि तोवर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपुराहून सरकारी दप्तरांच्या मागोमाग अनेक मराठी कुटुंबे या शहरी येऊन स्थिरावली. ज्या वसाहतीत हा चौक आहे तिला येवल्याच्या तात्या टोप्यांचे नाव आहे. गणेशोत्सव, रामनवमी, एकादशीचे भजन हे सारे त्या कुटुंबांनी परमुलखात निष्ठेने जपले. अशाच एका भजनी मंडळात सध्या एक वाद उभा राहिला आहे. त्याचा निवाडा केवळ त्या मंडळापुरता राहणार नाही. कारण मुंबई, बडोदे, बेळगाव वा फोंडा येथील आमच्या वाचकांनीही थोड्याफार फरकाने तो आपल्या देवळात ऐकला असेल.

वादाचे स्वरूप असे. मंडळातील एका तरुणाने भजनाच्या साथीस बेस गिटार आणली. हिला आम्ही खर्जाची गिटार म्हणू. ती कोपऱ्यात बसून षड्ज-पंचम धरीत होती तोवर कोणी हरकत घेतली नाही. पुढे त्याने बोटात काचेची नळी चढवून स्वर तारेवरून घसरत नेण्यास, तारेला केवळ स्पर्श करून घंटेसारखा नाद काढण्यास आणि क्वचित अंगठ्याने तार ठोकण्यास आरंभ केला. त्यासरशी ज्येष्ठांनी निर्णय दिला : वाद्य परकीय, वाजविण्याची तऱ्हा विपरीत, आणि देवापुढे असले प्रयोग शोभत नाहीत, सबब वाद्य बंद. ज्येष्ठांच्या हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. देवळातील गाणे त्यांनीच आजवर राखले. परंतु हा निर्णय चुकीचा आहे, आणि ज्या परंपरेच्या नावाने तो दिला गेला ती परंपराच त्याच्या विरुद्ध साक्ष देते, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिन्ही आक्षेपांचा आपण क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप परकीयत्वाचा. ज्या बैठकीत तो घेतला गेला, त्या बैठकीच्या मध्यभागी पेटी होती! ही पेटी कोठली? हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली घेतले. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांसारख्या कारागिरांनी ती जमिनीवर बसून एका हाताने भाता ओढीत वाजविता येईल अशी केली, आणि आज पेटीवाचून भजन ही कल्पनाच आम्हांस करवत नाही. व्हायोलिनची कथा वेगळी नाही. दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितरांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते हाती घेतले. आमच्याकडे गजाननबुवा जोशी आणि गोमंतकाचे श्रीधर पार्सेकर यांनी त्याला आमची गायकी शिकविली. गोव्यातील बोरी गावचे पंडित तुळशीदास बोरकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच परदेशी पेटीवरील प्रभुत्वासाठी. वाद्याची जात त्याच्या जन्मगावावरून ठरवावयाची असेल, तर प्रथम पेटी बाहेर काढावी लागेल. ते कोणास मान्य होईल काय?

येथे पेटीच्या इतिहासातील एक गोष्ट विसरता येत नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला मज्जाव केला आणि तो १९७१ पर्यंत टिकला. त्या बंदीचे मुख्य कारण काय होते? पेटीवर श्रुती लागत नाहीत आणि मींड निघत नाही, हे! एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड नादाने जाणे हा आमच्या गाण्याचा प्राण, आणि पेटीचे स्वर तर दगडासारखे सुटे. म्हणून तिच्यावर राग. आज त्याच पेटीच्या शेजारी एक वाद्य येऊन बसले, त्याने मींड काढली, आणि त्याला बंदी झाली ती मींड काढल्याबद्दल! एकास मींड येत नाही म्हणून हाकलावे व दुसऱ्यास मींड येते म्हणून हाकलावे, हा कोठला न्याय? विधिनिषेधाला निदान एक दिशा तरी असावी.

आणि परकीयत्वाचा मुद्दा सोडून नुसत्या यांत्रिकतेकडे पाहावे म्हटले, तरी आमच्या देवळांची स्थिती काय आहे? आरतीच्या वेळी कळ दाबली की विजेच्या मोटारीवर घंटा, झांज आणि नगारा आपोआप बडवणारे यंत्र आज गावोगावच्या देवळांत बसले आहे. टोल देणारा हात नाही, लय सांभाळणारे मन नाही, भक्ताचा श्वासही त्यात नाही. या यंत्राच्या विरुद्ध कोणत्या विश्वस्त मंडळाने ठराव केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तंबोऱ्याच्या जागी विजेची पेटी आली. तिच्याविषयीही कोणी ब्र काढला नाही. मग जिवंत माणूस, सहा-सहा महिने बोटे झिजवून, देवासमोर बसून काही स्वर काढू पाहतो, तेव्हाच नेमके आमचे सोवळे कसे बिघडते?

दुसरा आक्षेप वाजविण्याच्या तऱ्हेवर आहे, आणि खरे वर्म येथेच आहे. स्वर घसरविणे ही या वाद्याची विपरीत तऱ्हा, असे म्हटले जाते. युरोप-अमेरिकेतील वादकांनी असे म्हटले तर ते एक वेळ समजता येईल. तेथे १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी जी विजेची खर्जगिटार बाजारात आणली, तिचे नावच मुळी ‘प्रिसिजन’, म्हणजे ‘अचूक’ असे ठेवले होते. त्यापूर्वीच्या उभ्या, अजस्र डबल बेसला पडदे नसत. बोट किंचित इकडे-तिकडे झाले की स्वर ढळे. फेंडरांनी दांडीवर धातूचे पडदे बसविले आणि प्रत्येक स्वराला त्याची ठरलेली जागा दिली. पडद्यांची गिटार घ्यावयाची आणि पुन्हा स्वर घसरवीत बसावयाचे, हे त्या हिशेबाने उलटे काम खरे. परंतु तो हिशेब त्यांचा झाला. तो आमचा कधीपासून झाला?

आमचा हिशेब आमच्या कानांना विचारावा. सतारीचे पडदे वाकविलेले व उंच का असतात? पडद्यावरून तार आडवी खेचून एकाच जागी चार-चार, पाच-पाच स्वरांची मींड काढता यावी म्हणून. रबाबाचे सरोदात रूपांतर होताना लाकडी पट्टीच्या जागी पोलादाचा गुळगुळीत पत्रा आणि तातीच्या जागी धातूच्या तारा का आल्या? नखाने स्वर दूरवर घसरवीत नेता यावा म्हणून. सारंगीवाला बोटाच्या टोकाने तार दाबीत नाही. नखाच्या मुळाशी तार टेकवून ती घाशीत नेतो. विचित्र वीणेवर काचेचा गोळा फिरतो. दक्षिणेतील गोट्टुवाद्यावर लाकडाचा ठोकळा फिरतो, आणि ते वाद्य नावारूपास आणणाऱ्या तिरुविडैमरुदूरच्या सखारामरावांचे नावही मराठी कानाला परके वाटत नाही. आमच्या गोमंतकातील देवळांत पहाटेच्या चौघड्याबरोबर सनई वाजते. तिच्या भोकांवरून बोट हळूहळू उचलून आणि फुंकीचा जोर कमी-अधिक करून सनईवाला जे करतो ते तरी दुसरे काय आहे? तात्पर्य, बोटात काचेची नळी चढवून तारेवर फिरविणारा तो मुलगा विपरीत काही करीत नाही. पश्चिमेत जे चमत्कारिक ठरते तेच आमच्या घरी मूळ रीत आहे.

यावर कोणी म्हणेल, तारवाद्यांचे राहू द्या. भजनात खर्जाच्या नादाने असे घसरणे कोठे असते? त्यांना आमची विनंती आहे की पुढल्या एकादशीला त्यांनी डोळे मिटून केवळ डग्ग्याकडे कान द्यावा. तबलजी डाव्या हाताचा तळवा पुडीवर दाबून पुढे सरकवितो आणि ‘घे’ हा बोल खालून वर चढत जातो. याला आमचे वादक घिस्सा म्हणतात. तो खर्जातील मींडेचाच प्रकार आहे. गोव्यातील घुमटावर एका हाताने चामड्यावर थाप पडते आणि दुसऱ्या हाताचा तळवा मडक्याचे मागील तोंड झाकीत-उघडीत नादाला वळण देतो. चतुर्थीच्या घुमट-आरतीत हा घुमणारा, वाकणारा खर्ज ऐकून ज्याच्या अंगावर रोमांच उठत नाहीत असा गोमंतकीय विरळाच. म्हणजे खर्जाचा स्वर वाकविणे आमच्या देवळाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे; ते चामड्यावर होत होते, आता तारेवर होऊ पाहत आहे, एवढाच फरक. आणि चामड्याचीही रीत काही अढळ राहिली नाही. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लागे. वन्य जीवांच्या रक्षणाचा कायदा आला तेव्हा बकऱ्याचे कातडे आले. घुमट बुडाले काय? उलट २०१९ मध्ये गोवा शासनाने त्याला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून गौरविले.

भोपाळकरांना तर हे दुसऱ्याने सांगण्याचीही गरज नसावी. जवाहर चौकापासून फार दूर नसलेल्या मोठ्या तलावाच्या काठी, गोमंतकीय कुळातील स्थापत्यविशारद चार्ल्स कोरिया यांनी रचलेले भारत भवन १९८२ पासून उभे आहे. त्याच सुमारास, १९८१ साली, या शहरात ध्रुपद केंद्र सुरू झाले आणि उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर तेथे शिकवू लागले. ध्रुपदाहून अधिक सोवळे संगीत आमच्याकडे कोणते? त्या डागर घराण्यातील थोरले बंधू झिया मोहिउद्दीन, ज्यांनी पनवेलजवळ पळस्पे येथे गुरुकुल उभारले, त्यांनी रुद्रवीणेचे काय केले? भोपळे मोठे केले, दांडी भारी केली, तारा जाड केल्या. पुढे मिजराबही काढून टाकली आणि उघड्या बोटांनी वाजवू लागले. का? खर्जातील मींड अधिक खोल, अधिक दीर्घ व्हावी म्हणून. जुन्या मताच्या माणसाने त्या काळी याला रूढीभंगच म्हटले असते. आज तीच वीणा ध्रुपदाचा मानदंड मानली जाते.

याच प्रदेशातील मैहरकडे पाहावे. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ मुसलमान, पण मैहरच्या शारदादेवीचे निस्सीम भक्त. अनाथ मुलांना जमवून त्यांनी वाद्यवृंद उभा केला, आणि त्यासाठी बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग नावाचे वाद्य घडविले. मारण्यासाठी बनलेली वस्तू त्यांनी नादाला लावली! त्यांच्याच नावाची संगीत अकादमी १९७९ पासून भोपाळात आहे. बंदुकीच्या नळीतून सूर काढणाऱ्याला गुरुस्थानी मानावयाचे आणि काचेच्या नळीतून सूर काढणाऱ्या पोराला दाराबाहेर बसवावयाचे, ही विसंगती आमच्या ध्यानी कशी येत नाही?

गिटार तरी आमच्याकडे आजच आली काय? जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रांनी हवाई पद्धतीची गिटार मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर राग मांडले; १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेली ध्वनिमुद्रिका घरोघर पोहोचली. विश्वमोहन भट्टांनी गिटारीला जादा तारा चढवून मोहनवीणा केली आणि १९९४ साली जगन्मान्य ग्रॅमी पारितोषिक मिळविले. हे सारे घसरत्या स्वराच्या बळावर. वरच्या सप्तकातील गिटार घसरली तर ती वीणा, आणि खर्जातील गिटार घसरली तर तो चाळा, हा भेद आम्हांस तरी उमगत नाही.

आता उरल्या इतर तऱ्हा. तारेला नुसता स्पर्श करून निघणारा घंटानाद हा काही नवा चमत्कार नव्हे. तारेच्या नेमक्या मध्यावर स्पर्श केला तर वरच्या सप्तकाचा षड्ज उमटतो, तिसऱ्या भागावर त्यावरचा पंचम, चौथ्या भागावर आणखी वरचा षड्ज, आणि पाचव्या भागावर गांधार. नीट लावलेल्या तंबोऱ्यात न छेडलेला गांधार ऐकू येतो तो हाच, आणि आमच्या शास्त्रकारांनी त्याला स्वयंभू असे सार्थ नाव दिले. अमेरिकेचा जाको पास्टोरियस पडदे काढलेल्या खर्जगिटारीसाठी प्रसिद्ध झाला. १९७६ च्या आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत त्याने या स्वयंभू नादांतून एक अख्खी रचना उभी केली, तेव्हा जगाने तोंडात बोट घातले. आमच्या तंबोऱ्याने ते बोट केव्हाच घालावयास लावले होते! अंगठ्याने तार ठोकण्याची तऱ्हाही उनाडपणातून आलेली नाही. लॅरी ग्रॅहम नावाचा तरुण आपल्या आईच्या गाण्याला साथ करीत असे. तालवादक सोडून गेला, तेव्हा तालाची उणीव भरून काढण्यासाठी तो अंगठ्याने तार ठोकू लागला. गाणाऱ्या आईची लय सुटू नये म्हणून सापडलेली ती युक्ती आहे. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावण्याची युक्ती ज्यांना पूज्य वाटते, त्यांनी ही हसण्यावारी नेऊ नये.

तिसरा आक्षेप मात्र आम्ही सहजासहजी झटकणार नाही. देवळाला गांभीर्य असते, आणि खर्जाच्या विजेच्या वाद्याने ते भंगू शकते, हे खरे आहे. या गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. दगडी वा फरशीच्या सभामंडपात असला नाद लवकर विरत नाही. एकावर एक साचत जातो आणि अभंगाचे शब्द त्यात बुडतात. ज्या भजनात शब्द ऐकू येत नाही ते भजन नव्हे. पण हा दोष आवाजाच्या मात्रेचा आहे; वाद्याचा किंवा तऱ्हेचा नाही. मात्रा चुकली की औषधही विष होते; म्हणून कोणी वैद्यकच बंद करीत नाही. आणि मात्रेचाच विचार करावयाचा तर झांजांचा कल्लोळ आणि मंडपाबाहेरचे कर्णे यांच्यावरही तोच नियम लागू करावा लागेल.

म्हणून दोन शब्द त्या तरुणांसाठीही. त्यांचा कैवार आम्ही घेतला याचा अर्थ त्यांना सारे माफ आहे असा नव्हे. खर्जाच्या वाद्याचे पहिले कर्तव्य विणेकऱ्याचे आहे. दिंडीतील विणेकरी षड्ज धरून उभा असतो. तो कोणाचे लक्ष वेधीत नाही, पण तो हलला तर दिंडी हलते. आधी हे धरणे साधावे, मग घसरणे. गाणाऱ्याची पट्टी पांढरी दोन असेल तर या गिटारीच्या चार मोकळ्या तारा आपोआप रिषभ, पंचम, षड्ज आणि मध्यम होतात. देवाने जणू साथीसाठीच त्या लावून दिल्या आहेत. पट्टी दुसरी असेल तर तारा तशा उतराव्यात वा चढवाव्यात, गाणाऱ्याला आपल्या सोयीने ओढू नये. पडदे असलेल्या दांडीवर नुसते बोट घसरविले तर स्वर पायरीपायरीने उतरतो. ती मींड नव्हे. अखंड मींड हवी तर पडदे नसलेले वाद्य घ्यावे, नाही तर नळी वापरावी, आणि ती पडद्याच्या मागे नव्हे, नेमकी पडद्याच्या माथ्यावर यावी. मागच्या बोटांनी तार हलकेच झाकावी, नाही तर खरखर उठते. मींड शक्यतो बारीक दोन तारांवर घ्यावी, कारण अगदी तळाच्या खर्जात कानाला स्वराची कड नीट दिसत नाही आणि नुसता गोंगाट होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे : मींडेला कोठून निघावे आणि कोठे पोहोचावे हे ठाऊक असले पाहिजे. रागात नसलेल्या स्वरावर रेंगाळणारी मींड काचेच्या नळीने काढली काय की सोन्याच्या, ती बेसुरीच. शब्द चालू असता नळी थांबावी. शब्द संपला, टाळ क्षणभर विसावले, की तेथे एक मींड घ्यावी आणि पुन्हा षड्जावर येऊन गप्प राहावे. मुंबईच्या मोहिनी डे हिने याच वाद्यावर आमच्या तालाचे बोल उतरवून देशोदेशी नाव मिळविले. त्यामागे हाताच्या चमत्काराआधी कानाची तालीम आहे.

ज्येष्ठांना आमचे शेवटचे सांगणे असे. निर्णय द्यावयाचा तर तो कानाने द्यावा. एक पक्ष ठरवावा, त्या पक्षात त्या मुलाला पेटी-पखवाजाबरोबर तालमीस बसवावे, आवाजाची मर्यादा गायकाने घालून द्यावी, आणि मग एकादशीच्या भजनात दोन अभंग त्याच्या साथीने व दोन त्याच्यावाचून म्हणावेत. शब्द बुडाला, सूर ढळला, लक्ष देवावरून वादकावर गेले, तर खुशाल नकार द्यावा. त्या नकाराला आम्हीही मान देऊ. पण न ऐकता दिलेला नकार हा परंपरेचा नव्हे, आळसाचा निवाडा असतो.

यात धोका काय आहे तो ओळखावा. परगावी वसलेल्या समाजाचे भजनी मंडळ ही नुसती करमणूक नव्हे. घरात भाषा पातळ होत चालली असता, जेथे तिसऱ्या पिढीच्या कानावर तुकोबांचे आणि नामदेवांचे मराठी अजून पडते अशी ती बहुधा एकमेव जागा असते. त्या मुलाने गिटार घेऊन दुसरीकडे जावे असे आपण म्हटले, तर तो खरेच दुसरीकडे जाईल. मिरवणुकीतील कर्कश भोंगेवाल्यांना असे हात नेहमीच हवे असतात, आणि तेथे त्याला सोवळ्याओवळ्याचा प्रश्न कोणी विचारणार नाही. मग काही वर्षांनी भजनाला माणसे उरत नाहीत म्हणून आपण हळहळू, मोटारीच्या घंटेची कळ दाबू आणि आरती उरकू. देवाला नादाचे वावडे नाही. वावडे असलेच तर ते निर्जीव नादाचे असेल. ज्या हाताला मींड येते त्या हाताला देवळाच्या दारात अडवू नये. त्याला आत घ्यावे, बसवावे, आणि षड्जाला जागे राहावयास शिकवावे.